सरळ ठोका

नळीकाकूंना खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या कागदापुरतं. बाकी सगळीकडे त्या नळीकाकूच. सुईणीच्या कामाला लागल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत एक लाकडी नळी असायची. तिचं एक तोंड बाईच्या पोटावर, दुसरं काकूंच्या कानाला, आणि तेवढा वेळ घरातल्या कुणी ब्रही काढायचा नाही. ती नळी कधीच कपाटात गेली. आता त्यांच्याकडे मुठीत मावणारं यंत्र होतं, यंत्राला वायर आणि वायरीला फोन. नाव मात्र जुनंच राहिलं. 'वायरकाकू' म्हणवून घेण्यापेक्षा हे बरं, असं त्यांचंही मत होतं.

काम सरळ होतं. सकाळी आरोग्यकेंद्रातून निघायचं, वस्तीतल्या गरोदर बायकांची घरं गाठायची, पोटाला टेप लावायची, मग थंडगार जेली फासायची. जेली लागली की प्रत्येक बाई 'ईऽ' करते, तिसरं बाळंतपण असलं तरी करते. त्यावर यंत्र टेकवायचं आणि बाळाच्या हृदयाचे ठोके बराच वेळ फोनमध्ये साठवून मोठ्या रुग्णालयात पाठवायचे. तिथला संगणक ते तपासायचा आणि काकूंच्या फोनवर दिवा लागायचा. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे बाळ पोटात हवं तसं वाढत नसावं, दोन दिवसांत सोनोग्राफी करा.

पोटातलं बाळ बारीक राहतंय हे बाहेरून ओळखणं महाकठीण. टेप सांगते, पण अर्धवट सांगते. उंच बाई, ठेंगणी बाई, अंगाने भरलेली बाई, टेपेला सगळ्या सारख्याच. म्हणून हा ठोक्यांचा खटाटोप. ठोक्यांवरून संगणकाला नेमकं काय कळतं हे काकूंनी कधी विचारलं नव्हतं. कारण ठोका ऐकून बाळ कसं आहे हे आपल्याला कळतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

ही खात्री आली कुठून, तर घरातून. काकूंचा नवरा घड्याळजी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोल्यांत संसार, आणि दोन्हीकडे भिंतीभर लोकांची घड्याळं. डोळ्याला भिंग लावून तो एकेक घड्याळ कानाशी धरायचा आणि ठोका जरा मागेपुढे झाला की म्हणायचा, "आजारी आहे बिचारं." ठोका एकासारखा एक पडला की, "झालं बरं, घेऊन जा." उभा संसार हे ऐकण्यात गेल्यावर माणसाचा कान तसाच घडतो. काकूंच्या हिशेबी चांगलं हृदय म्हणजे न चुकता चालणारं हृदय. ह्यात काय शिकवायचं?

बेकरीवाल्याच्या बायकोचंच घ्या. ती आडवी झाली, काकूंनी यंत्र टेकवलं आणि फोनमधून ठोके येऊ लागले. आधी धावत आले, मग जरा मंदावले, मग आत बाळाने लाथ झाडली तसे पुन्हा पळत सुटले. काकूंनी नाक मुरडलं आणि घेतलेलं सगळं पुसून टाकलं.

"काय झालं हो?" बाईने मान उचलून विचारलं.

"काही नाही गं. तुझं पोर धिंगाणा घालतंय. जरा थांबू. दमलं की पडेल गप."

मग दोघींच्या गप्पा. शेजारीण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या नळाला पाणी येत नाही, कुणाची सासू परत आली. मधून मधून काकू यंत्र टेकवून बघत. शेवटी बाळ थकून झोपी गेलं आणि ठोके एका मापाचे पडायला लागले. "आता बघ कसं, अगदी घड्याळासारखं!" म्हणत काकूंनी ते साठवलं आणि पाठवून दिलं.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, की यंत्र सरकून खडखड आली तर पुन्हा घ्या, बाकी काहीही झालं तरी मध्ये थांबवू नका. काकूंनी त्यात पदरची भर घातली होती. खडखड तर त्या पुसतच, पण धडधडही पुसत. कामचुकार असत्या तर हे झालंच नसतं. त्यांच्याबरोबरच्या सुईणी एकदा यंत्र टेकवत, जे येईल ते पाठवत आणि पुढच्या घरी चालू लागत. काकूंना ते बघवत नसे. आपण पाठवलेलं रेकॉर्डिंग कसं, ऐकत राहावं असं हवं.

आणि गंमत अशी, की पिवळे दिवे काकूंच्याच वाट्याला जास्त यायला लागले. बेकरीवालीला पिवळा. धोबिणीला पिवळा. चांगली दणकट पोस्टमनची बहीण, तिलाही पिवळा. एकेकीने कामाचा दिवस मोडून रुग्णालय गाठावं, रांगेत ताटकळावं, आणि आतून निरोप यावा की बाळ उत्तम आहे, जा घरी. घरी येऊन त्या कुणाच्या नावाने बोटं मोडणार? काकूंच्याच.

"काकू, तुमचं यंत्र भलतंच रडकं आहे," बेकरीवाली म्हणाली.

काकूंनाही ते पटलं. आपलं रेकॉर्डिंग इतकं सुरेख, तरी दिवा पिवळा, म्हणजे दोष यंत्राचाच. मग त्या दारोदार सांगू लागल्या, "पिवळं आलं म्हणून धावत सुटू नका. त्याला रडायची खोडच आहे. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा दाखवा." बायका खूश झाल्या. फुकटची पायपीट वाचलेली कुणाला नको असते?

अशात काकूंच्या सुनेला आठवा महिना लागला.

सून शिवणकारखान्यात होती, शाळेच्या गणवेशांना कॉलर लावायची. बोलायची मोजकं, पण बोलली की समोरच्याने उत्तर शोधायला घरी जावं. लग्नानंतर बरीच वर्षं पाळणा हलला नव्हता. एकदा राहिलं होतं, ते तिसऱ्या महिन्यातच गेलं. तेव्हापासून ती त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. ह्या वेळीही पाच महिने होईपर्यंत तिने कुणाला कळू दिलं नव्हतं, नवरा सोडून. काकूंना ते लागलं होतं. सुईणीच्याच घरात सुईणीला शेवटी कळावं! पण काकूंनी राग गिळला, कारण ह्या बाळाची वाट त्यांच्याइतकी कुणीच बघत नव्हतं.

"बाहेरच्यांची पोटं तपासता, मग माझं कोण बघणार?" असं सूनच म्हणाली, आणि माजघरातल्या पलंगावर आडवी झाली.

टेप जरा कमी भरली. "आमच्या घरात पोटं दिसतच नाहीत," काकू म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याच्या वेळी मला सातव्यातसुद्धा बसमध्ये कुणी जागा देत नव्हतं." मग जेली, मग 'ईऽ', मग यंत्र. आणि काय सांगावं! पहिल्या क्षणापासून ठोका असा आला की काकूंनी हात हलवायचं कारणच उरलं नाही. धावपळ नाही, चढउतार नाही. गप्पा मारायची गरज नाही, थांबायची गरज नाही. एकासारखा एक, सरळ.

"अहो, ऐकलंत का?" त्यांनी दुकानाकडे हाक दिली.

घड्याळजी भिंग कपाळावर सरकवून दारात येऊन उभा राहिला. ऐकून त्याने मान डोलावली. "पोरगं वक्तशीर निघणार."

"गुणी आहे माझं बाळ," काकू म्हणाल्या. सूनही हसली. ती अशी मनापासून हसलेली काकूंनी खूप दिवसांनी पाहिली.

थोड्या वेळाने फोनवर पिवळा दिवा लागला.

"आई, जायचं का मग रुग्णालयात?"

"कशाला? मी स्वतः ऐकलं ना. ह्याच्याइतकं चांगलं रेकॉर्डिंग मी आजवर घेतलेलं नाही. यंत्राला काय, रडायला निमित्त हवं."

पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतलं. पुन्हा तसंच सरळ, पुन्हा पिवळं. सुनेने ह्या वेळी फोन हातात घेऊन तो दिवा स्वतः पाहिला. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर ठीक आहे." आणि कामावर गेली.

त्यानंतर चारच दिवसांत रुग्णालयातून सगळ्या सुईणींना बोलावणं आलं. विषय हाच, की पिवळे दिवे फार, आणि त्यातले पुष्कळ खोटे. काकू तयारीनिशी गेल्या. आज त्या यंत्राचे वाभाडे काढायचेच, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं.

बैठकीची खोली म्हणजे एक लांब टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि कोपऱ्यात बंद पडलेला पंखा. सोनोग्राफीचे डॉक्टर आले. तरुण माणूस, पण पन्नास पोटं तपासून आल्याचा थकवा तोंडावर. त्यांनी प्रस्तावना वगैरे केली नाही. लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, "दोन रेकॉर्डिंग ऐकवतो. कुठलं बाळ बरं आहे ते सांगा."

पहिल्यातला ठोका चढत होता, उतरत होता, मध्येच पळत सुटत होता.

"हे मी असते तर पाठवलंच नसतं," काकू ठासून म्हणाल्या.

दुसरा सरळ होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"हे चांगलं. ह्याला म्हणतात ठोका."

डॉक्टरांनी मान वर करून काकूंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता अचंबा होता. "काकू, पहिलं बाळ जन्मलं तेव्हा चांगलं तीन किलोचं होतं. हे दुसरं दीड किलोही भरलं नाही."



"निरोगी बाळाचा ठोका एकसारखा नसतोच," डॉक्टर म्हणाले. "ते हात हलवतं, वळतं, दचकतं, आणि ठोका त्याच्याबरोबर वरखाली होतो. पण वारेतून नाळेवाटे पोषण कमी पोचायला लागलं, की बाळ ताकद राखून वापरतं. हालचाल कमी करतं, आणि ठोका सरळ होत जातो. संगणक तेच तर मोजतो, ठोका किती झुलतो ते. आता बाळ झोपलं की निरोगी बाळाचाही ठोका थोडा वेळ सरळ येतो. म्हणून तर सांगतो, की मध्ये थांबवू नका, ते जागं होऊ द्या." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही ठोका पळायला लागला की पुसता का?"

काकूंनी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना अजून वाटत नव्हतं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे वस्तीतली बाळं बारीक नव्हती. तुम्ही ती झोपवून पाठवत होतात!"

सगळ्या हसल्या. डॉक्टर हसले. काकूही हसल्या, ओशाळून. चला, यंत्र रडकं नव्हतं, आपणच अंगाई म्हणत होतो. बेकरीवालीला हे कसं सांगायचं, असा विचार करत त्या हसत होत्या, आणि तेवढ्यात त्यांना आठवलं की सुनेच्या वेळी आपण थांबलोच नव्हतो. एकदाही नाही. तिच्या बाळाला झोपवावं लागलंच नव्हतं.

काकू खुर्ची मागे ढकलून उठल्या. "काकू, अजून संपलेलं नाही," कुणीतरी म्हणालं. त्या दाराबाहेर पडल्यासुद्धा होत्या.

शिवणकारखान्यात वीसतीस यंत्रांचा एकच गलका असतो. काकू रांगेतून वाट काढत सुनेपाशी गेल्या. तिच्या मांडीवर पांढऱ्या कॉलरींचा ढीग होता.

"बाळ हलतं का गं?" काकूंनी ओरडून विचारलं.

सुनेने पाय उचलून यंत्र थांबवलं. "काय?"

"पोटात. हलतं का?"

"कमी झालंय." तिने सासूच्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्हीच म्हणालात, शांत आहे, गुणी आहे."

"मी चुकले. तो ठोका चांगला नव्हता. यंत्र खरं सांगत होतं, मी उलटं समजत होते. चल, उठ."

सुनेने मांडीवरच्या कॉलरी एकेक करून टेबलावर ठेवल्या. मग ती उठली. रिक्षात बसल्यावर तिने नवऱ्याला फोन करून रुग्णालयात यायला सांगितलं. काकूंनी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. कसली समजूत घालणार होत्या?

सोनोग्राफी त्याच डॉक्टरांनी केली. ते मघासारखे हसले नाहीत. बाळ महिन्याच्या मानाने फारच लहान होतं आणि नाळेतला रक्तपुरवठा कमी पडत होता. आजच दाखल व्हा, म्हणाले. बाळाच्या फुप्फुसांना बळ यावं म्हणून इंजेक्शनं देऊ. उद्यापर्यंत थांबता आलं तर बरं, नाही तर लगेच बाहेर काढावं लागेल. मुलगा धापा टाकत आला. त्याने विचारलं, "आई, हे आधी कळलं नसतं का?"

"कळलं होतं," काकू म्हणाल्या. "दोनदा कळलं होतं. मीच नको म्हणाले."

मुलाने तोंड फिरवलं. तो वॉर्डाबाहेर जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ आत आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेच्या पोटाला पट्टे बांधलेले होते आणि उशाशी यंत्रातून ठोके येत होते. सिस्टर दर थोड्या वेळाने कागदाची पट्टी बघून जात होत्या. काकू दाराशी बाकावर बसून होत्या. आत जायची हिंमत होत नव्हती, घरी जायची तर त्याहून नाही. सुनेनेच त्यांना हाक मारली.

"आई, इथे बसा. ऐका."

काकू स्टुलावर बसल्या.

"सिस्टर म्हणतात, काळजी करू नका. त्या सगळ्यांनाच तसं म्हणतात. तुम्ही खरं सांगा. गोड नको, खरं."

काकूंनी ऐकलं. आयुष्यात एवढं मन लावून त्यांनी काही ऐकलं नव्हतं. "सरळच आहे गं," त्या म्हणाल्या. "चांगलं नाही हे." आणि अजून ऐकत असताना ठोका मंदावला, आणखी मंदावला, आणि वर यायला त्याने फार वेळ घेतला. सुनेने त्यांचं मनगट धरलं होतं ते घट्ट आवळलं. "खाली गेला," काकू म्हणाल्या आणि सिस्टरांना हाक मारली. सिस्टर पट्टी बघून डॉक्टरांना बोलवायला धावल्याच होत्या. दहाएक मिनिटांत सुनेचं स्ट्रेचर शस्त्रक्रियागृहाच्या दारातून आत गेलं.

मुलगी झाली. बारीक रडली, पण रडली. वजन सव्वा किलोच्या आसपास. त्यांनी तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं. आजचा दिवस तरी तिने चांगला काढलाय, पुढचं पुढे बघू, असं बाळांच्या डॉक्टरांनी सांगितलं. घड्याळजी दुकान बंद करून आला होता. त्याने काचेतून नातीला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

संध्याकाळी सुनेला वॉर्डात आणलं. तोंड पांढरंफटक पडलं होतं, ओठ सुकले होते. काकूंनी ओल्या कापसाने तिचे ओठ टिपले. तिने टिपू दिले.

"आई," ती म्हणाली. आवाज फुटत नव्हता, काकूंना वाकावं लागलं.

काकूंना वाटलं, आता येणार ते. येऊ दे, आपण ऐकून घ्यायचं. त्याच लायकीच्या आहोत आपण.

"अजून कुणाकुणाला सांगितलंत, जायची गरज नाही म्हणून?"

 चार घरं तर लगेच डोळ्यांसमोर आली. पाण्याच्या टाकीमागची शिक्षिका होती, तिला तर परवाच पिवळा आला होता, आणि काकूंनी तिच्या दारात उभ्याने सांगितलं होतं की निवांत राहा. ती निवांत राहिली असणार. काकूंचं सगळे ऐकत.

तेवढ्यात सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, "आजीबाई, चला, हात धुवा. नातीला जवळून बघून घ्या, भेटीची वेळ संपत आलीय."

"तुम्ही जा," काकू नवऱ्याला म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

टाकीमागच्या घराचं दार शिक्षिकेनेच उघडलं. एका हातात खडू होता, आत शिकवणीची पोरं पाढे म्हणत होती. काकूंना दम लागला होता.

"परवा मी सांगितलं ना, जाऊ नका म्हणून," त्या म्हणाल्या. "ते चुकीचं सांगितलं. पोरांना सुट्टी द्या आणि चपला घाला. मी येतेय बरोबर."